मांजराची उलटी: किती वेळा झाली की डॉक्टरांकडे न्यावे

‘मांजरे ओकतातच, त्यात काय एवढे’ हे वाक्य मुंबईत मांजर पाळणाऱ्या घरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, दर आठवड्याला फरशी पुसावी लागत असूनही आपल्या मांजराला एखादा आजार असू शकेल, हा विचार घरातल्या कोणाच्या मनाला शिवत नाही. या समजुतीत काहीच तथ्य नाही असे नाही. घाईघाईने गिळलेले खाणे किंवा चाटताना पोटात गेलेले केस मांजर कधीमधी बाहेर टाकते आणि थोड्या वेळाने पुन्हा ताटलीपाशी येऊन बसते. तेवढ्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र महिन्यातून दोन-तीनदा किंवा त्याहून अधिक वेळा उलटी होत असेल, अथवा हा त्रास तीन आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळला असेल, तर मांजर एरवी कितीही टुणटुणीत दिसो, त्याची तपासणी करून घ्यायला हवी. मांजर आपले दुखणे लपवण्यात पटाईत असते आणि पुष्कळदा वारंवार होणारी उलटी हीच त्याच्या आजाराची एकमेव उघड खूण असते.

तपासणीच्याही आधी, जे घडते आहे ती खरोखर उलटी आहे का, हे पाहावे लागते. उलटी होण्यापूर्वी मांजराला मळमळते. ते अस्वस्थ होऊन जागा बदलते, पुन्हा पुन्हा ओठ चाटते, घोट गिळते, तोंडाला लाळ सुटते. मग चारही पायांवर दबून बसते, पोटाचे स्नायू आत-बाहेर जोरात हलू लागतात, घशातून खोल आवाज येतो आणि शेवटी अन्न, फेस किंवा पिवळे पित्त बाहेर पडते. याउलट काही वेळा खाल्ल्यानंतर लगेच, पोटाची कसलीही हालचाल न होता, न पचलेले खाद्य नळीच्या आकारात जसेच्या तसे बाहेर येते. ते अन्न जठरापर्यंत पोहोचलेलेच नसते, आणि हा प्रकार वारंवार घडत असेल तर दोष अन्ननलिकेत शोधावा लागतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. मांजर मान लांब करून, जमिनीलगत बसून खाकरते, ‘केस अडकले असतील’ असे म्हणून घरातले थांबून राहतात, पण बाहेर काहीच येत नाही. पुष्कळदा हा खोकला असतो आणि त्याच्यामागे मांजरांना होणारा दमा असू शकतो. हे तिन्ही प्रकार शब्दांत सांगणे अवघड जाते, म्हणून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवावा. डॉक्टरांच्या टेबलावर मांजर हमखास शहाण्यासारखे बसते आणि मग घरी काय दिसले होते, हे दाखवायला हाती काहीच उरत नाही.

उलटी पोटातून येते म्हणून बिघाडही पोटातच असणार, असे आपण धरून चालतो. वस्तुतः उलटीचा हुकूम मेंदूच्या देठात असलेल्या एका केंद्रातून सुटतो आणि त्या केंद्राला चिथावणारे संदेश अनेक ठिकाणांहून येतात. जठर व आतडे यांना सूज आली किंवा ताण पडला, तर मज्जातंतूंमार्फत संदेश जातो. मूत्रपिंडे नीट काम करीत नसल्यामुळे रक्तात साठलेली टाकाऊ द्रव्ये मेंदूतील दुसऱ्या एका भागाला जाणवतात आणि तो भाग उलटीच्या केंद्राला जागे करतो. टॅक्सीत पिंजऱ्यात बसवलेल्या मांजराला वाकोल्यापासून परळपर्यंत जाताना उलटी होते ती आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियामुळे. त्यामुळे पोट पूर्णपणे निरोगी असूनही मांजर रोज उलटी करू शकते, आणि डॉक्टरांनी पोटाच्या तक्रारीसाठी रक्त तपासायला सांगितले म्हणून ते उगाच खर्च वाढवत आहेत, असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

केसांच्या गोळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक उलट्यांचे खापर त्याच्यावरच फोडले जाते. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले, खरखरीत, काट्यांसारखे उंचवटे असतात. त्यांत अडकलेला केस मागेच सरकतो आणि मांजराला तो गिळण्यावाचून गत्यंतर नसते. निरोगी मांजराच्या पोटातून हे केस पुढे आतड्यात ढकलले जातात आणि विष्ठेवाटे निघून जातात. पर्शियन किंवा तत्सम लांब केसांच्या मांजराने अधूनमधून एखादा गोळा ओकून टाकणे समजण्यासारखे आहे, पण आखूड केसांचे साधे देशी मांजर वरचेवर गोळे काढीत असेल तर दोन शक्यता उरतात: एकतर खाज, पिसवा किंवा तणाव यांमुळे ते प्रमाणाबाहेर चाटते आहे, नाहीतर जठर आणि आतडे यांची अन्न पुढे ढकलण्याची गती मंदावली आहे. म्हणजे गोळा हे पुष्कळदा कारण नसून परिणाम असतो. लांब केसांच्या मांजराला रोज विंचरल्याने निश्चित फरक पडतो. परंतु गोळा सुटावा म्हणून एरंडेल, खोबरेल किंवा लिक्विड पॅराफिन चमच्याने जबरदस्तीने पाजण्याचा जो प्रघात आहे, तो सोडून द्यावा. चव नसलेले पातळ तेल घशात ठसका न लावता श्वासनलिकेत उतरू शकते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया मूळ तक्रारीपेक्षा कितीतरी गंभीर असतो.

खाण्याच्या सवयींतून उद्भवणारी उलटी त्या मानाने घरच्या घरी आटोक्यात येते. दोन-तीन मांजरे असलेल्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी ताटली संपवण्याच्या घाईत कोरडे खाद्य न चावता गिळतो आणि पाचच मिनिटांत तेच दाणे फरशीवर दिसतात. अशा मांजरांना वेगवेगळ्या खोल्यांत खायला घालावे. वन रूम किचनमध्ये ते शक्य नसेल तर निदान पाठमोरे बसवावे, आणि दिवसाचे खाणे चार-पाच लहान वाट्यांत विभागावे. कोरडे दाणे इडलीपात्राच्या खाचांत थोडे थोडे पसरून ठेवले, तर मांजराला एकेक दाणा वेचावा लागतो आणि वेग आपोआप कमी होतो. पहाटे रिकाम्या पोटी पिवळे पाणी ओकणाऱ्या मांजराला रात्री झोपण्यापूर्वी थोडे खायला घातल्याने अनेकदा आराम पडतो. खाद्याचा ब्रँड बदलायचा असेल तर तो एका रात्रीत न बदलता सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवे मिसळत बदलावा. दूध बंद करावे, कारण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. मांजर आणि दुधाची बशी ही जोडी चित्रांपुरतीच बरी. मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दुकानातल्या उघड्या पोत्यातून किलोवर घेतलेले सुटे खाद्य दमट हवेत लवकर खवट होते, त्याला बुरशीही धरते. म्हणून लहान सीलबंद पाकीट घेऊन ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि पाऊचमधले ओले खाद्य ताटलीत तास-दोन तासांपेक्षा जास्त काळ राहू देऊ नये.

जंत हे आणखी एक साधे कारण आहे. खिडकीतून आत आलेले झुरळ किंवा पाल पकडून खाणारे मांजर, अगदी सातव्या मजल्यावरच्या बंद घरात वाढलेले असले, तरी जंतांपासून सुरक्षित नसते. वजनानुसार जंतनाशक डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. माणसांची गोळी अंदाजाने अर्धी करून देऊ नये.

आता अशा कारणांकडे वळू, ज्यांत तासांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. घरातल्या मांजराच्या पोटात जाणारी सर्वांत घातक वस्तू म्हणजे दोरा. शिवणाचा दोरा, संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवरून लोंबणारा मांजा, गणपतीच्या सजावटीतली चमकी, राखीचा गोंडा आणि रात्री ड्रेसिंग टेबलावर काढून ठेवलेला गजरा, या सगळ्यांशी मांजराला खेळावेसे वाटते. जिभेवरच्या मागे वळलेल्या काट्यांमुळे एकदा तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकणे त्याला जमत नाही. पुष्कळदा दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरतो. आतडे त्याला पुढे ढकलण्याचा प्रयत्न करीत राहते आणि नाडी ओढल्यावर पायजम्याचे कापड चुण्या पडून गोळा व्हावे, तसे आतडे स्वतःच दोऱ्यावर गोळा होत जाते. ताणलेला दोरा शेवटी आतड्याची भिंत कापतो. म्हणून अनुभवी डॉक्टर ओकणाऱ्या मांजराचे तोंड उघडून, खालच्या जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ जागेवर बाहेरून अंगठा दाबतात. त्यामुळे जीभ वर उचलली जाते आणि तिच्या बुडाशी बसलेला दोरा दिसू शकतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही, तर मांजराला तसेच दवाखान्यात न्यायचे. हा नियम घरातल्या लहान मुलांनाही सांगून ठेवावा.

विषबाधेचेही तसेच आहे. भेट म्हणून आलेल्या पुष्पगुच्छातील मोठ्या पाकळ्यांची, तीव्र वासाची लिली मांजराच्या मूत्रपिंडांना अत्यंत विषारी असते. पान, पाकळी, इतकेच नव्हे तर अंगावर सांडलेले आणि चाटून पोटात गेलेले परागकणसुद्धा पुरेसे होतात. दादरच्या फुलबाजारात हार-वेण्यांसाठी मिळणारी पांढरी लिली वेगळ्या कुळातली आहे आणि ती मुख्यतः पोट बिघडवते, पण मांजराने नेमके कोणते फूल चावले याची खात्री नसताना हा फरक मनात धरून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. खऱ्या लिलीच्या बाबतीत पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग मांजर सावरल्यासारखे वाटते आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. उपचारांचा खरा उपयोग त्या मधल्या, फसव्या काळात असतो. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देणे हा दुसरा जीवघेणा प्रकार होय. हे औषध निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फारच तोकडी असते, आणि ५०० मिलीग्रॅमची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

वारंवार आणि दीर्घकाळ होणाऱ्या उलटीत मात्र वयाचा विचार आधी करावा लागतो. पिल्लू ओकत असेल तर जंत, गिळलेली वस्तू किंवा संसर्ग हे संशयित असतात, आणि लस न दिलेल्या पिल्लात पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार एक-दोन दिवसांत प्राण घेऊ शकतो. तरुण व मध्यमवयीन मांजरात खाद्यातील एखाद्या प्रथिनाचे वावडे आणि आतड्याची जुनाट सूज या शक्यता पुढे येतात. दहाएक वर्षांच्या पुढे मूत्रपिंडांचा जुनाट आजार, थायरॉइडचे अतिरिक्त काम, स्वादुपिंडाची सूज आणि आतड्यातील लिम्फोमा हा कर्करोग यांचा विचार करणे भाग असते. यांपैकी थायरॉइडचा आजार घरच्यांना हमखास चकवतो, कारण मांजर भरपूर खाते, इकडून तिकडे धावते आणि तरी वाळत जाते. ‘भूक चांगली आहे, म्हणजे तब्येत चांगली आहे’ हा आपला आडाखा इथे साफ चुकतो. म्हणून माझ्या मते, मांजर पाळणाऱ्याने जर एकच सवय लावून घ्यायची असेल तर ती दरमहा वजन करण्याची. आधी स्वतः काट्यावर उभे राहावे, मग मांजराला घेऊन उभे राहावे आणि फरक लिहून ठेवावा. पाच किलोचे मांजर साडेचार किलोचे झाले तर डोळ्यांना काहीच जाणवत नाही, पण त्याने आपल्या शरीराचा दहावा हिस्सा गमावलेला असतो.

डॉक्टर सामान्यतः विष्ठा, लघवी आणि रक्त यांच्या तपासणीपासून सुरुवात करतात. रक्तात मूत्रपिंडे, यकृत, साखर आणि वयस्क मांजरात थायरॉइड पाहिले जाते. त्यानंतर एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी येते. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड झालेली दिसली, तरी ती साध्या सुजेमुळे जाड झाली आहे की मंद गतीने वाढणाऱ्या लिम्फोमामुळे, हे केवळ चित्रावरून सांगता येत नाही. दोन्हींची लक्षणे सारखी असतात आणि खात्रीसाठी दुर्बिणीतून किंवा शस्त्रक्रियेतून आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. इथे एक गोष्ट डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावी. निदानापूर्वीच स्टेरॉइड हे सूज कमी करणारे औषध सुरू केले तर उलटी थांबते आणि सगळे खूश होतात, पण नंतर घेतलेल्या तुकड्यात खरा आजार झाकला जाऊ शकतो. खर्च किंवा वय यांमुळे बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणी, करायची नाही असे ठरवून स्टेरॉइड देणे हा रास्त निर्णय असू शकतो; मात्र तो जाणूनबुजून घेतलेला असावा. लिम्फोमाचे नाव ऐकून हबकून जाऊ नये, कारण त्याच्या मंद प्रकारात प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिल या तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या औषधांवर अनेक मांजरे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चांगली जगतात.

ज्याची रक्त तपासणी ठीक आहे आणि ज्याचे वजन टिकून आहे, अशा मांजरावर आधी आहाराचा प्रयोग केला जातो. त्याला पूर्वी कधीही न खाल्लेले प्रथिन असलेले, किंवा ज्यातील प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले असतात असे, डॉक्टरांनी सुचवलेले खाद्य दिले जाते. आपल्याकडची मांजरे चिकन आणि मासळीवरच वाढलेली असल्याने हे दोन्ही पदार्थ या काळात वर्ज्य ठरतात. आतड्याच्या तक्रारीत फरक पडायचा असेल तर तो पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांतच दिसू लागतो, पण त्यासाठी त्या काळात दुसरा एकही घास पोटात जाता कामा नये. प्रत्यक्षात प्रयोग फसतो तो घरातल्या मायेमुळे: बोंबील साफ करताना आजी एक तुकडा खाली टाकते, शेजारच्या काकू ग्रिलमधून मांदेली देतात, आणि मग ‘ते महागडे खाद्य काही लागू पडले नाही’ असे ठरते. घरातल्या सर्वांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, आधी सांगून ठेवणे हाच त्यावर उपाय आहे. घरी शिजवलेल्या आहारावर मांजराला कायमचे ठेवायचे असेल तर टॉरिन या आवश्यक घटकाची भर घालावी लागते. त्याच्या अभावाने हृदय आणि दृष्टी दोन्ही बिघडतात.

एखाद-दुसरी उलटी झाली आहे आणि मोठे मांजर एरवी खेळते आहे, अशा वेळी काही तास खाणे थांबवून, पाणी थोडे थोडे देत, मग मीठ, हळद, कांदा, लसूण यांपैकी काहीही न घातलेले उकडलेले बिनहाडाचे चिकन चमचाभर द्यायला हरकत नाही. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. मात्र ‘पोटाला विश्रांती’ म्हणून मांजराला दिवसदिवस उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते आणि तो आजार मूळ उलटीपेक्षा बरा करायला अवघड असतो. विष खाल्ल्याचा संशय आला म्हणून मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्नही करू नये.

चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त उलट्या, पाणीही न टिकणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळसर कण, दिवसभर अन्नाला तोंड न लावणे, कोपऱ्यात दडून बसणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल आणि ओकतही असेल, तर त्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. त्याला बद्धकोष्ठ समजून थांबल्यास एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवतो. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तर महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. तथापि बोरिवली किंवा मुलुंडहून निघणाऱ्याने आपल्या भागात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो आणि तिथे सोनोग्राफी व शस्त्रक्रिया होते का, हे मांजर धडधाकट असतानाच फोन करून विचारून ठेवावे.

दवाखान्यात जाताना तारीख, वेळ, शेवटचे खाणे किती वाजता झाले होते आणि बाहेर काय पडले, एवढे लिहिलेला कागद सोबत असू द्यावा, आणि शक्य असल्यास उलटीचा फोटोही. औषध सुरू झाल्यावर आणि उलटी थांबल्यावरही ही नोंद निदान तीन-चार महिने चालू ठेवावी, कारण आतड्याची जुनाट सूज पुष्कळदा आटोक्यात राहते पण पुरती जात नाही, आणि स्टेरॉइडची मात्रा कधी व किती कमी करायची, आतड्याच्या आजारात कमी पडू शकणाऱ्या बी-१२ या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले असल्यास ते किती काळ चालू ठेवायचे, हे डॉक्टर त्या तारखा आणि वजनाचे आकडे पाहूनच ठरवतात.